परदेशातली गुंतवणूक आणि आडवं आलेलं सरकार: बीआयटीचा आधार घ्यायचा तर कोणत्या क्रमाने

शारजात मसाले दळून पाकिटबंद करणारा कारखाना, नैरोबीत पंप जोडणारं छोटं युनिट, पोलंडमध्ये गोदाम. असे पैसे लावलेल्या उद्योजकाला द्विपक्षीय गुंतवणूक करार, म्हणजे बीआयटी, हे नाव ऐकून माहीत असतं. एका देशाच्या गुंतवणूकदाराला दुसऱ्या देशाच्या सरकारविरुद्ध लवादात दाद मागता येते ती बहुधा याच्या आधारावर. कराराचा मजकूर मात्र तो पहिल्यांदा उघडतो तिथल्या सरकारने परवाना रद्द केल्यावर. तोवर निम्म्या अटी हातून निसटलेल्या असतात. गुंतवणूक चुकीच्या नावावर असते, मुदत उलटलेली असते किंवा वकिलाने घाईत भलतीच नोटीस पाठवलेली असते.

म्हणून इथे भर आहे तो क्रमावर. पहिले पाच टप्पे पैसे पाठवण्याआधीचे आणि धंदा सुरळीत चालू असतानाचे, उरलेले वाद पेटल्यावरचे. लेख भारतातून बाहेर पैसे लावणाऱ्यांसाठी आहे. गोंधळ टाळायला दोन देशांमधल्या कराराला सगळीकडे 'बीआयटी' म्हटलं आहे आणि तुमच्या-त्यांच्या व्यवहाराच्या कागदाला 'कंत्राट'.

टप्पा १: बीआयटी आहे का, आणि आज जिवंत आहे का

'भारताचा त्या देशाशी करार आहे' एवढ्यावर विसंबू नका. २०१६ साली भारताने ५८ देशांना जुने बीआयटी संपवण्याच्या नोटिसा दिल्या. कराराच्या यादीत नाव दिसतं, पण तो संपलेला असू शकतो. उलटही घडतं. संपलेल्या करारातलं सनसेट कलम जुन्या गुंतवणुकीला पुढे दहा-पंधरा वर्षं सांभाळतं. ब्रिटनबरोबरचा १९९४ चा बीआयटी मार्च २०१७ मध्ये संपला, पण त्याआधी केलेल्या गुंतवणुकीला पुढची १५ वर्षं संरक्षण आहे. म्हणजे २०१४ मध्ये लंडनजवळ काढलेली कंपनी अजून त्या छत्राखाली आहे, २०१९ मध्ये काढलेली नाही.

प्रत्येक करारासाठी चार तारखा कागदावर लिहा: सही, अंमल, समाप्ती, सनसेट. संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या नव्या बीआयटीवर १३ फेब्रुवारी २०२४ ला सही झाली आणि तो ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. सहीची तारीख बघून निर्णय घेणारे पुष्कळ भेटतात. हक्क मिळतो तो अंमलाच्या तारखेपासून.

मूळ मजकूर अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या इन्व्हेस्टमेंट पॉलिसी हब या संकेतस्थळावर फुकट मिळतो. भारताच्या बाजूने हा विषय वित्त मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे आहे. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून काहीही ठरवू नका.

सावधान: मुक्त व्यापार करारात 'गुंतवणूक' असं प्रकरण दिसलं म्हणजे सरकारवर दावा करता येतो असं नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या एफ्टा देशांबरोबरचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. त्यात भारतात १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे, पण गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध लवादात जाण्याची सोय नाही. अमेरिकेशी तर भारताचा बीआयटीच नाही.

टप्पा २: तुम्ही 'गुंतवणूकदार' आहात का, आणि तुमचे पैसे 'गुंतवणूक' आहेत का

बरेच दावे इथेच गळतात, म्हणून इथे घाई नको.

आधी माणूस. बीआयटी नागरिकत्व बघतो, जन्मगाव नाही. कोल्हापुरात जन्मलेला पण अमेरिकन पासपोर्ट घेतलेला ओसीआय कार्डधारक भारतीय गुंतवणूकदार ठरत नाही. दुसरीकडे, दुबईत वीस वर्षं राहिलेला पण भारतीय पासपोर्ट ठेवलेला माणूस नाशिकमध्ये पैसे लावतो तेव्हा तो भारतात 'परदेशी गुंतवणूकदार' होत नाही. घरातल्या कोणाच्या नावावर शेअर घ्यायचे हे ठरवताना हा विचार आयकराच्या आधी करा.

मग पैसा. जुन्या करारांत 'सर्व प्रकारची मालमत्ता' अशी ऐसपैस व्याख्या असायची. भारताने नव्या करारांचा मसुदा म्हणून २०१५ मध्ये काढलेल्या नमुना बीआयटीत ती आवळली. तिथे संरक्षण मिळतं ते यजमान देशाच्या कायद्याप्रमाणे उभारलेल्या आणि खरोखर चालू असलेल्या उद्योगाला. त्या नमुन्यात स्पष्टपणे वगळलेल्या गोष्टी वाचल्या की अनेकांचा चेहरा पडतो. उद्योग सुरू होण्याआधीचा खर्च, माल किंवा सेवा विकण्याच्या कंत्राटातून येणं असलेली रक्कम, उधारी, गुडविल, ब्रँडची किंमत आणि बाजारातला हिस्सा यांपैकी काहीही त्यात मोजलं जात नाही. शेअर बाजारातली किरकोळ गुंतवणूकही बाहेर. अमिरातीबरोबरच्या करारात मात्र ती आत घेतली आहे. म्हणूनच नमुना वाचून थांबायचं नाही, तुमच्या देशाचा मजकूर वाचायचा.

निर्यातदारांनी हे अधोरेखित करून ठेवावं: माल पाठवला आणि तिथल्या सरकारी खात्याने पैसे बुडवले, तर ते बहुधा गुंतवणुकीचं प्रकरण होत नाही. युक्रेनला कोंबडीचं मांस विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी असा दावा केला होता. २०१० मध्ये लवाद मंडळाने तो उंबरठ्यावरच फेटाळला, कारण ती निव्वळ विक्री होती. पैसा गुंतलेला असणं, काही काळ टिकणं आणि जोखीम अंगावर असणं या तीन खुणा लवाद मंडळं बहुतेक वेळा शोधतात.

तपासा: सरकारचं कोणतं कृत्य कराराच्या बाहेर आहे? २०१५ च्या नमुन्यात कर, सरकारी खरेदी, अनुदान आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची कृत्यं वगळलेली आहेत. तुमचा परवाना नगरपालिकेने रद्द केला असेल तर या एका ओळीवर सगळं अडतं.

टप्पा ३: पैसे कोणत्या वाटेने जाणार

थेट भारतातून, की मधल्या एखाद्या देशातल्या कंपनीमार्फत? दाभोळ वीज प्रकल्पात बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपन्यांना भारत सरकारविरुद्ध जाता आलं ते त्यांची गुंतवणूक मॉरिशसमधल्या कंपन्यांतून गुहागरला आली होती म्हणून. भारत-मॉरिशस बीआयटी होता, भारत-अमेरिका नव्हता. अशी वाट बेकायदा नाही. मात्र नव्या करारांत मधल्या कंपनीचा त्या देशात ठोस व्यवसाय लागतो. नुसता पत्ता आणि पाटी चालत नाही.

आणि वेळ सांभाळा. सिगारेटची पाकिटं बिनब्रँडची करण्याचा निर्णय ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केला. फिलिप मॉरिसने पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातले शेअर हाँगकाँगच्या कंपनीकडे वळवले आणि हाँगकाँगच्या बीआयटीखाली दावा लावला. डिसेंबर २०१५ मध्ये लवाद मंडळाने तो हक्काचा गैरवापर ठरवून बाहेर काढला. वादाची चाहूल लागल्यावर रचना बदलणं म्हणजे वरातीमागून घोडे.

सावधान, बेनामी व्यवहार. 'इथला माणूस कागदोपत्री मालक, खरा मालक मी' ही पद्धत आखाती देशांत वर्षानुवर्षं चालत आली. अमिरातीने २०२१ पासून बहुतेक धंद्यांत शंभर टक्के परदेशी मालकीला मुभा दिली आहे. तरी जुने कागद तसेच ठेवणारे आहेत. मनिला विमानतळाच्या प्रकरणात जर्मनीच्या फ्रापोर्टने फिलिपिन्सच्या बेनामी नियंत्रणाविरुद्धच्या कायद्याला वळसा घालणारे गुप्त करार केले होते. २००७ मध्ये तेवढ्यावरून तिचा दावा ऐकायलाच नकार मिळाला. लाचेचं तसंच. इस्रायलच्या मेटल-टेकचा उझबेकिस्तानविरुद्धचा दावा २०१३ मध्ये गेला, कारण 'सल्लागारां'ना दिलेल्या लाखो डॉलरचा पटेल असा हिशेब तिला देता आला नाही. 'काम करून देणाऱ्या' माणसाला पैसे देण्याआधी हे आठवा.

टप्पा ४: कागदांची फाइल

भारतातले नियम पाळताना जमणारे कागदच पुढे पुरावा होतात. त्यामुळे फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, कामाकडे कटकट म्हणून बघू नका. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार क्रम असा:

१. पैसे पाठवण्याआधी ए.डी. बँकेत, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांचा अधिकार असलेल्या बँकेत, फॉर्म एफसी भरून युआयएन हा गुंतवणुकीचा ओळख क्रमांक घ्या. क्रमांक नाही तर पहिला हप्ता पाठवू नका.
२. पैसे गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत शेअर प्रमाणपत्र किंवा गुंतवणुकीचा दुसरा पुरावा बँकेला द्या.
३. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (परदेशी उद्योगाच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल) आणि १५ जुलैपर्यंत एफएलए विवरण (परदेशी देणी आणि मालमत्तांचं) भरा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पैसे एका वाटेने आणि कागद दुसऱ्या वाटेने जाणं. समजा शारजाच्या मसाला कारखान्याचं यंत्र सांगलीच्या कंपनीने घेतलं, बिल मालकाच्या नावावर आलं, भाडं तिथे नोकरी करणाऱ्या मेहुण्याने भरलं आणि हिशेबात सगळं 'उचल' म्हणून पडलं. लवादात समोरचा वकील विचारणार, यातली सांगलीच्या कंपनीची गुंतवणूक कुठली? मेहुण्याच्या बँक खात्याचा उतारा दाखवून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

फाइलमध्ये आणखी काय हवं: मूळ परवाना आणि प्रत्येक नूतनीकरण, संचालक मंडळाचे ठराव, ऑडिट झालेले ताळेबंद, गुंतवणुकीआधी सरकारने दिलेली लेखी आश्वासनं. शेवटच्या गोष्टीवर जरा थांबतो. मंत्र्याने चहापानात दिलेला शब्द पुराव्यात कवडीमोल. त्याच संध्याकाळी खात्याच्या ईमेलवर 'आज झालेल्या बैठकीत आपण पाच वर्षांच्या परवान्याबद्दल जे सांगितलं त्यानुसार आम्ही यंत्रांची ऑर्डर देत आहोत' असं पाठवून ठेवा. उत्तर नाही आलं तरी तो कागद बोलतो. अरबी किंवा रशियन कागदांचं भाषांतर आत्ताच करून ठेवा, माणसं बदलतात.

टप्पा ५: कंत्राट आणि विमा

सरकारी खात्याशी कंत्राट करत असाल तर त्यातलं लवादाचं कलम बीआयटीपेक्षा वेगळं असतं आणि दोन्ही एकमेकांत अडकू शकतात. मुंबईच्या पटेल इंजिनिअरिंगचा मोझांबिकशी रेल्वे-बंदर प्रकल्पावरून वाद झाला तेव्हा एक लवाद बीआयटीखाली आणि दुसरा कंत्राटाखाली, असे दोन समांतर चालले. 'कोणत्याही वादासाठी फक्त स्थानिक न्यायालय' असं वाक्य असलेल्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

ईसीजीसी ही सरकारी विमा कंपनी परदेशी गुंतवणुकीवर युद्ध, सरकारी जप्ती आणि पैसे बाहेर न्यायला बंदी या जोखमींचा विमा देते. तिलाही त्या देशाशी बीआयटी असणं पसंत असतं. मध्यम आकाराच्या उद्योगाला विम्याचा रस्ता लवादापेक्षा जवळचा पडतो, असं माझं मत.

टप्पा ६: वाद उद्भवला, आधी ओळखा, कृत्य कोणाचं

भागीदाराने फसवलं, ग्राहकाने पैसे थकवले, जागामालकाने कुलूप लावलं, ही खासगी भांडणं. बीआयटी सरकारच्या कृत्याविरुद्ध चालतो. मात्र 'सरकार' म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. वॉर्साच्या विमानतळावर ड्युटी फ्री दुकानं चालवणाऱ्या कंपनीत भारतातल्या फ्लेमिंगोची मालकी होती, तीही मधल्या कंपन्यांतून. दुकानांचे भाडेकरार विमानतळ चालवणाऱ्या सरकारी उपक्रमाने मोडले. २०१६ मध्ये लवाद मंडळाने ते कृत्य पोलंड देशाचं मानून सुमारे १ कोटी ७९ लाख युरो भरपाई दिली. जुन्या भारत-पोलंड बीआयटीखाली भारतीय कंपनीने मिळवलेला हा निकाल प्रत्येक भारतीय गुंतवणूकदाराने वाचावा असा आहे.

मग कृत्य कोणत्या हक्काला बाधतं ते नेमकं करा. भरपाई न देता मालमत्ता किंवा तिचा सगळा उपयोग काढून घेतला? पैसे मायदेशी पाठवायला अडवलं? सुनावणी न देता निर्णय झाला? 'अन्याय झाला' हे कारण पुरत नाही. 'न्याय्य आणि समान वागणूक' हे जुन्या करारांतलं मोठं हत्यार २०१५ च्या नमुन्यात नाही. तिथे न्याय नाकारणं, प्रक्रियेचा मूलभूत भंग, उघड भेदभाव आणि उघड छळवणूक अशी मोजकी यादी आहे. परमप्रिय राष्ट्राचं कलमही नाही, म्हणजे दुसऱ्या करारातली चांगली अट उसनी आणता येत नाही.

टप्पा ७: घड्याळ

हा टप्पा चुकला की बाकी सगळं वाया. २०१५ च्या नमुन्यातल्या मुदती एका उदाहरणावर लावून बघू. समजा परवाना रद्द झाल्याचं पत्र १० जानेवारी २०२६ ला हाती पडलं आणि नुकसान त्याच दिवशी कळलं.

१. एका वर्षात, म्हणजे १० जानेवारी २०२७ च्या आत, त्या देशातल्या न्यायालयात किंवा प्रशासकीय यंत्रणेकडे दाद मागायलाच हवी.
२. कृत्य कळल्यापासून किमान पाच वर्षं स्थानिक उपाय संपवण्यात घालवायची: १० जानेवारी २०३१.
३. त्यानंतर वादाची नोटीस आणि सहा महिने तडजोडीची बोलणी: १० जुलै २०३१.
४. लवादाला जाण्याआधी किमान ९० दिवसांची आगाऊ नोटीस. एकामागोमाग धरलं तर ऑक्टोबर २०३१ चा दुसरा आठवडा.
५. बाहेरची मर्यादा: कृत्य आणि नुकसान कळल्यापासून सहा वर्षं, म्हणजे १० जानेवारी २०३२. शिवाय स्थानिक खटला संपला असेल तर निकालापासून १२ महिन्यांची अट वेगळी.

सहा वर्षांच्या प्रवासात दार उघडं राहतं ते जेमतेम तीन महिने. पत्र हाती आल्याच्या दिवशीच या पाचही तारखा भिंतीवर लावा. अमिरातीबरोबरच्या करारात स्थानिक उपायांचा काळ तीन वर्षांवर आणला आहे. जुन्या बीआयटींत तो अनेकदा नसतोच, फक्त सहा महिन्यांची बोलणी असतात.

सावधान: 'बोलून काय होणार' म्हणून बोलणीचा काळ उडवू नका. अमेरिकन तेल कंपनी मर्फीने इक्वेडोरविरुद्ध तेच केलं. २०१० मध्ये लवाद मंडळाने सहा महिने न थांबल्याच्या कारणावरून अधिकार नाकारला.

दुसरी चूक याच्या उलट. काही जुन्या बीआयटींत दुफाट्याचं कलम असतं: एकदा स्थानिक न्यायालय निवडलं की लवादाचं दार बंद. तिथला वकील सवयीने दावा ठोकून मोकळा होतो. वकालतनाम्यावर सही करण्याआधी हे कलम आहे का बघा.

टप्पा ८: वादाची नोटीस

नोटीस कोणाला पाठवायची हे करारातच लिहिलेलं असतं. परवाना देणाऱ्या खात्याला पाठवलेलं तक्रारपत्र म्हणजे नोटीस नव्हे. मजकुरात बीआयटीचं नाव, तुमचं नागरिकत्व आणि गुंतवणुकीचा पुरावा, सरकारचं कृत्य तारखेसह, भंग झालेलं कलम, नुकसानीचा अंदाज आणि बोलणीची तयारी इतकं हवं. राग, अपमान, दूतावासाने दखल न घेतल्याचं दुःख हे सगळं गाळा. आकडा फुगवू नका, तोच पुढे तुमच्यावर उलटतो. पोचपावती जपा, सहा महिने तिच्या तारखेपासून मोजले जातात.

अनेक वाद याच टप्प्यावर मिटतात. परराष्ट्र खातं आणि अर्थ खातं जागं होतं आणि खालच्या कार्यालयाचा ताठा उतरतो. म्हणून बोलणीला अधिकार असलेला माणूस पाठवा.

टप्पा ९: लवाद परवडतो का

ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने २०१२ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार अशा एका प्रकरणात दोन्ही बाजूंचा मिळून सरासरी खर्च ८० लाख डॉलरच्या वर जातो. दोन-चार कोटी रुपयांच्या नुकसानीसाठी हा रस्ता नाही. तिथे नोटीस, बोलणी आणि स्थानिक न्यायालय एवढ्यावर थांबा. खर्च उचलून निकालात वाटा घेणारे गुंतवणूकदार मिळतात, पण अमिरातीबरोबरच्या करारात अशा त्रयस्थ पैशावर दावा लढवायला मनाई आहे.

गुंतवणुकीचे वाद सोडवणाऱ्या जागतिक बँकेच्या केंद्राचा, म्हणजे आयसीएसआयडीचा, जो करार आहे त्याचा भारत सदस्य नाही. त्यामुळे भारतीयाचा दावा बहुधा अन्सिट्रल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या नियमांखाली चालतो आणि कारभार अनेकदा हेगचं स्थायी लवाद न्यायालय बघतं. भरपाई मागताना भविष्यातल्या नफ्याचे इमले बांधू नका. धंदा काही वर्षं नफ्यात चाललेला नसेल तर लवाद मंडळं झालेल्या खर्चाकडेच वळतात. टप्पा ४ मधली फाइल इथे कामाला येते.

टप्पा १०: वसुली

निकाल हातात आला म्हणजे पैसे आले नाहीत. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली तो इतर देशांत बजावता येतो, पण दूतावासाची इमारत किंवा लष्करी सामान यांना हात लावता येत नाही. व्यापारी वापरातली मालमत्ता शोधावी लागते. याचा नमुना भारताच्याच विरोधात घडला. ब्रिटनच्या केर्न एनर्जी या तेल कंपनीला पूर्वलक्षी कराच्या वादात डिसेंबर २०२० मध्ये १२० कोटी डॉलरचा निकाल मिळाला. भारताने पैसे दिले नाहीत, तेव्हा तिने देशोदेशी दावे लावले आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर न्यायालयाकडून टाच आणली. पुढच्याच महिन्यात संसदेने पूर्वलक्षी कराची ती तरतूद मागे घेतली आणि केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत मिळाले.

मालमत्तेची यादी नोटिशीच्या वेळीच सुरू करा: त्या देशाच्या सरकारी कंपन्यांची विमानं, जहाजं, बाहेरच्या बँकांतली खाती, भाड्याने दिलेल्या इमारती. तडजोड झाली तर नुसत्या समझोत्यावर थांबू नका, लवाद मंडळाकडून संमतीचा निवाडा करून घ्या. हप्ता चुकला तर तोच बजावता येतो. रक्कम कोणत्या खात्यात येणार हे ए.डी. बँकेला आधी विचारा आणि जुन्या युआयएनचा क्रमांक तिला द्या.